उजवी बाजू क्विंतोची

मोदेनात कुणालाही विचारा, तो सांगेल की आमच्या घरातला एकजण रेसच्या गाड्या बनवायचा. अशा सगळ्या काका-मामांना एका मैदानात उभं केलं, तर या गावाने गाड्यांपेक्षा गाड्या बनवणारेच जास्त बनवले असं दिसेल. एर्मेस वांदेल्लीची अडचण वेगळी होती. त्याने खरोखरच त्या बनवल्या होत्या, त्यामुळे त्याला त्याबद्दल फारसं बोलता येत नसे.

तोसाती हे नाव आता मोदेनाबाहेर फार जणांना ठाऊक नाही. आदेल्मो तोसातींनी शेहेचाळीस साली लष्कराने टाकून दिलेल्या ट्रकांच्या सामानातून पहिली गाडी उभी केली आणि चौसष्ट साली शेवटची. मधल्या काळात कारखान्याने चार शर्यती जिंकल्या. गावातल्या बारमध्ये मोजल्या, तर चाळीसेक. सरकारने त्यांना 'कोमेंदातोरे' ही पदवी दिली. पत्र येण्याच्या आधीच त्यांनी फाटकावरची पाटी रंगवून घेतली होती. माणूस दूरदृष्टीचा होता.

एकूण नंबर एकतीस, गाड्या तीस. सतरा नंबरची गाडीच नव्हती. इटलीत याचं कुणाला नवल वाटत नाही; सतरा इथे अपशकुनी. इथे हॉटेलात सतरा नंबरची खोली नसते आणि विमानात सतरावी रांग नसते. कोमेंदातोरे मात्र स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवत. सतरा वगळायचं कारण इतकंच, असं ते सांगत, की चासीवर नंबर ठोकायचा साताचा ठसा नेमका त्या आठवड्यात मोडला. सात नंबरची गाडी आधी झाली होती आणि सत्तावीसची नंतर झाली, हे त्यांना कुणी विचारलं नाही. पगार तेच द्यायचे.

हा विनोद एर्मेसने एकतीस वर्षं चालू दिला होता. खरं कारण जिवंत माणसांत आता एकट्या त्यालाच माहीत होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात तो एकाहत्तर वर्षांचा होता. दर गुरुवारी सकाळी तो सायकलने कारखान्यावर यायचा. कारखाना म्हणजे आता एक शेड, एक अंगण आणि अंगणापलीकडे कोमेंदातोरेंच्या मुलीचं घर. ही मुलगी, इनेस, बावन्न वर्षांची होती. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली आणि त्याबद्दल विचारणाऱ्याला उलट दोन प्रश्न विचारणारी. वडिलांची नोंदवही, चित्रं आणि हत्यारं तिने सांभाळली होती. जगात कुठे कुणी जुनी तोसाती विकायला काढली, की ती खरी आहे का, हे विचारणारं पत्र इनेसकडे यायचं, आणि इनेस ते एर्मेसपुढे टाकायची. तो फोटो बघून म्हणायचा, "ही आपली." किंवा म्हणायचा, "हा पत्रा ज्याने ठोकला त्याने भांडी करावीत."

त्याची खूण सोपी होती. तोसातीच्या गाडीच्या दोन बाजू कधीच सारख्या नसत.

यामागे कामाची एक पद्धत होती. कोमेंदातोरे पूर्ण गाडीचा लाकडी साचा करतच नसत. शेडच्या मागच्या भिंतीवर ते खडूने गाडीची एकच बाजू काढत, डावी, आणि म्हणत, "दुसरी अशीच." मग चासीवर तारांचा सांगाडा चढायचा आणि त्याच्या डाव्या अंगाला एर्मेस, उजव्या अंगाला क्विंतो बार्बोलिनी, असे दोघे वाळूची पिशवी पुढ्यात घेऊन लाकडी मोगरीने अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकायला बसायचे. मध्ये गाडी असल्यामुळे क्विंतोला भिंत दिसायची नाही. त्याला ती बघायचीही नसायची. तो एर्मेसच्या मोगरीचा आवाज ऐकून ठोकायचा. पत्रा ताणला जाऊ लागला की आवाज चढतो, खोल गेला की उतरतो. त्यावरून पलीकडे कुठला बाक चालू आहे हे त्याला कळायचं. डावीकडून तीन ठोके, उजवीकडून तीन. एर्मेसचा तिसरा ठोका थोडा हलका पडायचा, कारण त्याची करंगळी एकोणपन्नास साली एका दारात चेमटली होती. क्विंतोचा तिसरा ठोकाही हलका पडायचा. त्याची करंगळी धडधाकट होती. तो फक्त नक्कल प्रामाणिकपणे करत होता.

एवढं करून उजवी बाजू दरवेळी एक बोटभर जास्त फुगीर व्हायची.

"तुझी बाजू गरोदर आहे," एर्मेस म्हणायचा.

"आणि तुझी उपाशी," क्विंतो पलीकडून म्हणायचा. "रस्त्यावरचा माणूस दोन्ही बाजू एकाच वेळी बघतो का रे? नाही ना? मग झालं तर."

मिलानच्या एका पत्रकाराने या बोटभर फरकामागचं शास्त्र दोन पानं भरून समजावलं होतं. उजव्या वळणांवर वारा कसा कापला जातो, वगैरे. कोमेंदातोरेंनी ते कात्रण काचेत घालून लावलं. ते अजून लटकत होतं.

क्विंतो हा घरातला पाचवा, म्हणून नाव क्विंतो. आईबापांची कल्पनाशक्ती चौथ्यापर्यंतच पुरली होती. लढाईत तो कैदेत पडला आणि परत आला तेव्हा छाती तिकडेच ठेवून आल्यासारखा आला. तासभर काम झालं की त्याला धाप लागायची. तो कधी बोलला नाही. पलीकडून उत्तर यायला उशीर व्हायला लागला, की एर्मेस मोगरी खाली ठेवायचा, चष्मा पुसायचा, पट्टीने काहीतरी उगाच मोजायचा. तोही कधी बोलला नाही. अकरा वर्षं हे असं चाललं. प्रेम हा शब्द त्या शेडमध्ये फक्त इंजिनांबद्दल वापरला जायचा.

सत्तावन्नच्या नोव्हेंबरात धुक्याच्या एका सकाळी क्विंतो सायकलसकट कालव्यात गेला. त्याच्या चार दिवस आधी एर्मेस त्याला काय बोलला होता, हे एर्मेसने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही, पाद्रीबुवालाही नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी शेडच्या दारात एक ट्रेलर येऊन उभा राहिला. त्यावर ताडपत्री होती आणि पुढच्या गाडीतून एक सडपातळ, नीटनेटका माणूस उतरला. मिरांदोलाकडचा जमीनमोजणीदार, आडनाव बोन्फात्ती. टोपी हातात घेऊन तो बोलत होता, देवळात आल्यासारखा.

"सिन्योरा, तुमच्या वडिलांची एक गाडी सापडलीय म्हणे. म्हणजे मलाच सापडलीय."

ताडपत्री निघाली. आत रंग न दिलेली, इंजिन नसलेली, उघड्या अ‍ॅल्युमिनियमची एक बुटकी गाडी होती. धुक्यातल्या उजेडात ती ओली असल्यासारखी दिसत होती. इनेसने चासीवर ठोकलेला नंबर वाचला आणि ती मोठ्याने हसली.

"सतरा! अहो सिन्योर बोन्फात्ती, नकली करणारा नक्की परदेशी. इटलीतला चोरसुद्धा सतरा लिहिणार नाही."

एर्मेस हसला नाही. तो पुढच्या डाव्या हेडलाइटकडे बघत होता.

"कुठे सापडली?" त्याने विचारलं.

"गोठ्यात. मी एक जुनं शेत घेतलंय. गोठा बाहेरून अठरा मीटर भरला आणि आतून तेरा. माझा धंदाच मोजणीचा, पाच मीटर कुठे गेले म्हणून झोप येईना. शेवटी आतली भिंत फोडली. मागे ही."

"भिंत कधीची?"

बोन्फात्तीने टोपीची घडी घातली. "तेच तर. चुन्यातली आहे. सिमेंटचा कण नाही. लढाईच्या आधीची, माझ्या आजोबांच्या काळातली. आणि मी फोडेपर्यंत अखंड होती. तीनदा तपासली मी."

मग बोन्फात्तीने, दुसऱ्याच कुणाची तरी चौकशी करावी तसं, विचारलं, "थंडीत अ‍ॅल्युमिनियम आवाज करतं का हो?"

"करतं," एर्मेस म्हणाला. "आकसतं ना."

"तीन-तीनदा?"

एर्मेसने हेडलाइटवरची नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं.

"तीन ठोके. मग थांबतं. मग परत तीन. भिंत फोडायच्या आधीपासून येतो तो आवाज. मी घड्याळ लावलं. मधला थांबा नेहमी तेवढाच, जेवढ्यात आणखी तीन बसतील." तो कसनुसा हसला. "बायको आईकडे गेलीय. हे बघा, गाडी खरी असेल तर तुम्ही ठेवून घ्या, मला परत नको. नकली असेल तर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी भंगारवाला येणार आहे, तो इथूनच उचलून वितळवायला नेईल. तुम्ही फक्त काय ते सांगा."

नोंदवहीत नवी गाडी चढवायची, तर तिच्यावर काम केलेल्या माणसाची सही लागे. हा कोमेंदातोरेंचा नियम होता आणि इनेस वडिलांचे सगळे नियम मोडून शेवटी याच एकावर येऊन थांबली होती. सही करू शकणारा माणूस जगात एकच उरला होता आणि त्याच्या गुडघ्यांना वाकणं मंजूर नव्हतं.

तरी तो वाकला. चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि तळहात हेडलाइटपासून मागे न्यायला सुरुवात केली. वीतभर गेल्यावर हात थांबला. तिथे पत्र्यात एक सुरकुती होती, डोळ्याला न दिसणारी, नंतर घासून बुजवलेली. एक ठोका गरजेपेक्षा जोरात पडल्याची. तो ठोका कधी पडला आणि का, हे त्याला चांगलं माहीत होतं.

"डावी बाजू माझी आहे," तो म्हणाला.

"म्हणजे खरी?" इनेसने विचारलं.

"इनेस, ही बाजू मी स्वतः हातगाडीवर घालून भट्टीत नेली होती. माझ्या डोळ्यांदेखत तिचं पाणी झालंय."

इनेस मुलांना भूमिती शिकवलेली बाई. तिने थोडा विचार केला आणि आत जाऊन कॉफी चढवली.

कॉफी होईपर्यंत एर्मेस गाडीच्या पलीकडे गेला. उजव्या बाजूवर हात फिरवायची गरज नव्हती, तरी त्याने फिरवला. एक बोट फुगीर. दारापासून मागच्या चाकापर्यंत गुळगुळीत, आणि मागच्या मडगार्डवर, ताटाएवढ्या जागेत, पत्रा अजून खडबडीत होता. संत्र्याच्या सालीसारखा, मोगरीच्या खुणांनी भरलेला. काम अर्धवट टाकून कुणीतरी जरा बाहेर गेल्यासारखा.

सत्तावन्न साली उजव्या बाजूचं मडगार्ड सुरूही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी ती खडबडीत जागा तळहाताएवढी झाली होती.

"मी मोजून ठेवली होती," इनेस म्हणाली. तिने पहिल्या दिवशीच तिच्याभोवती खडूची रेघ ओढली होती. रेघ होती तिथेच होती. तिच्या आतला बहुतेक पत्रा आता आरशासारखा झाला होता आणि खाली जमिनीवर कानशीचा बारीक करडा चुरा पडला होता. "सोमवारी झाडलं मी. किल्ली माझ्याकडे. कुलूप तेच."

"काही ऐकलंस?"

"नाही." तिने कॉफी कपात ओतली. "पण दुपारी मला फार छान झोप लागतेय, एर्मेस. वर्षानुवर्षं लागली नव्हती. लहानपणी शाळेतून आल्यावर लागायची ना, तशी."

लहानपणी शाळेतून आल्यावर ती शेडच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत झोपायची. पलीकडे दोन मोगऱ्या चालू असायच्या. तिला ते आठवलं नसावं, किंवा आठवलं असावं. तिने एर्मेसच्या कपात साखर दोनदा घातली.

"सही कराल?" तिने विचारलं.

"काय म्हणून करू? उजवी बाजू कुणी केली लिहू? मेलेल्या माणसाने, आजोबांच्या भिंतीमागे बसून?"

"मग नकली म्हणा. भंगारवाला नेईल."

एर्मेसने कॉफी तशीच ठेवली. ती बाजू एकदा त्याने भट्टीपर्यंत पोचवली होती. हातगाडीचं एक चाक करकरत होतं, तेही त्याच्या अजून कानात होतं.

"पुढच्या गुरुवारी बघू," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी खडबडीत जागा नाण्याएवढी होती.

त्याच्या पुढच्या गुरुवारी, म्हणजे चोवीस तारखेला, ती तेवढीच होती. इनेसने पट्टी लावून दाखवली. आठवडाभरात काम केसभरही सरकलं नव्हतं. जमिनीवर चुरा नव्हता.

"झोप?" एर्मेसने विचारलं.

"उडालीय."

भंगारवाला तीन वाजता येणार होता. अंगणात धुकं इतकं उतरलं होतं, की पलीकडचं घर कुणी नेलं असतं तरी कळलं नसतं. शेडमधल्या शेगडीत लाकूड तडतडत होतं. इनेसने दुपारच्या जेवणाला तोर्तेल्लिनीचा रस्सा करून झाकून ठेवला होता आणि दोघांपैकी कुणाला भूक नव्हती.

एर्मेसने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली मोगरी काढली. लिंबाच्या लाकडाची, दांडा घामाने काळा पडलेला. वाळूची पिशवी गाडीच्या डाव्या बाजूला ओढली, तिच्यावर पत्र्याचा एक तुकडा ठेवला आणि स्टुलावर बसला.

"काय करताय?" इनेस दारात उभी होती.

"काम अडलंय. क्विंतो कधी माझ्या आधी ठोकायचा नाही. आजवर तिथे जे ठोकलं गेलं, ते जुन्या आठवणीवर. पुढचं त्याने माझ्याकडून कधी ऐकलंच नाही."

त्याने तीन ठोके दिले. तिसरा जरा हलका.

शेडमध्ये शेगडीचा आवाज.

परत तीन. थांबला. मान किंचित तिरकी करून, क्विंतो गेल्यानंतर दोन दिवस थांबला होता तसा थांबला. काही आलं नाही.

"इनेस," तो गाडीकडे बघतच म्हणाला, "सतरा नंबर का वगळला, माहीत आहे?"

"ठसा मोडला होता."

"ठसा मोडला नव्हता. तुझ्या वडिलांनी मला सांभाळून घ्यायला ते सांगितलं." त्याने मोगरी मांडीवर ठेवली. "तुरीनचं प्रदर्शन दहा दिवसांवर होतं. मी घाईत होतो. पलीकडून उत्तर यायला उशीर होत होता. धाप लागली होती त्याला, मला इथे ऐकू येत होती. अकरा वर्षं मी थांबायचो. त्या दिवशी नाही थांबलो. उलट जोरात ठोकत गेलो. आणि म्हणालो..."

इनेस आत आली आणि एका उलट्या बादलीवर बसली.

"म्हणालो, 'जमत नसेल तर ऊठ. उजवी बाजूही मीच करतो. निदान दोन्ही सारख्या तरी होतील.'"

"आणि तो?"

"काही नाही. उठला. अ‍ॅप्रन त्या खिळ्यावर टांगला, टोपी घातली, गेला. मी रागात हेडलाइटपाशी एक ठोका हाणला. तीच ती सुरकुती. तीन दिवस वाट बघितली, येईल म्हणून. चौथ्या दिवशी लाम्ब्रुस्को वाइनची बाटली घेऊन मीच निघालो होतो. कालव्यावर गर्दी दिसली."

"तो कुठे चालला होता, कुणाला..."

"सायकलचं तोंड कारखान्याकडे होतं."

इनेसने अ‍ॅप्रनच्या टोकाने नाक पुसलं आणि मग, गणिताच्या बाईंना शोभेल अशा आवाजात, विचारलं, "त्यानंतर उजवी बाजू केली का तुम्ही?"

"दोन दिवस बसलो तिकडे. प्रत्येक तीन ठोक्यांनंतर थांबायचो. तिसऱ्या दिवशी तुझे वडील आले आणि त्यांनी गाडी कापायला करवत मागवली."

"मग आता थांबा की," इनेस म्हणाली.

"काय?"

"थांबायचात ना तुम्ही? तसं थांबा. हे नुसतं ठोकून वाट बघणं झालं."

एर्मेसने तिच्याकडे पाहिलं. मग मोगरी उचलली.

तीन ठोके. सावकाश. शेवटचा इतका हलका, की पत्र्याने फक्त मान डोलावली असावी.

मग त्याने मोगरी खाली ठेवली. चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने आधी उजवी काच पुसली, मग डावी. खिशातून पट्टी काढून पत्र्याचा तो निरुपयोगी तुकडा मोजला. अकरा सेंटिमीटर. परत मोजला.

"सावकाश होऊ दे," तो गाडीच्या पलीकडे बघून म्हणाला. "तुरीनला वेळ आहे."

शेगडीतलं लाकूड खचलं.

गाडीच्या उजव्या बाजूला कुणीतरी लांब श्वास आत घेतला. शिट्टीसारखा, छातीत अडकत गेलेला.

टक्. टक्. आणि एक हलका.

इनेसने बादलीची कड घट्ट धरली.

एर्मेसचे डोळे भरून वाहत होते आणि तोंड मात्र हसत होतं. "उशीर!" तो म्हणाला. "एकतीस वर्षं, लेका! आणि बाजू अजून गरोदरच!"

तीन डावीकडून.

तीन उजवीकडून.

ती दोघं उठून पलीकडे गेली नाहीत. तिकडे जायची रीत नव्हती.

किती वेळ गेला, ते इनेसला सांगता आलं नसतं. तिला डुलकी लागली होती. जागी झाली तेव्हा शेड शांत होती आणि एर्मेस उजव्या मडगार्डवर हात ठेवून उभा होता. खडबडीत नाणं नाहीसं झालं होतं. पत्रा तिथे कोमट होता. ठोकलेला पत्रा थोडा वेळ राहतो तसा.

इनेसने दोन्ही बाजू मोजल्या. उजवी बोटभर जास्त भरली.

"तो सुधारणार नाही," एर्मेस समाधानाने म्हणाला. मोगरी त्याने खिळ्यावर टांगली, जिथे एके काळी अ‍ॅप्रन होता.

नोंदवहीत सोळा आणि अठरा यांच्यामध्ये जागा नव्हती. इनेसने समासात बारीक अक्षरांत लिहिलं: सतरा. डावी बाजू एर्मेस वांदेल्ली, उजवी बाजू क्विंतो बार्बोलिनी. पूर्ण झाल्याची तारीख लिहिताना तिने वर पाहिलं.

"आजची लिही," एर्मेस म्हणाला. "खोटं कशाला?" आणि सही केली.

अडीच वाजले होते. भंगारवाल्याला थांबवायला हवं होतं. शेडच्या कोपऱ्यातल्या फोनवरून इनेसने बोन्फात्तीचा नंबर फिरवला.

"खरी आहे," ती म्हणाली. "ठेवून घेतोय आम्ही. भंगारवाल्याला कळवा."

बोन्फात्तीने विचारलं, "सिन्योरा, गाडी आहे ना तिथे? म्हणजे, सगळी?"

"समोर उभी आहे. का?"

तिने ऐकलं आणि फोन एर्मेसकडे दिला. तिचा चेहरा बघून त्याने रिसिव्हर लगेच कानाला लावला.

"गोठा रिकामा आहे," बोन्फात्ती हळू आवाजात सांगत होता. "मी आत्ता आत जाऊन आलो. पण आवाज चालूच आहे. आज दुपारपासून बदललाय. आधी मध्ये थांबायचं ना, ते आता थांबत नाही. मधले तीन पण पडतात. दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे. थांबा, खिडकी उघडतो, तुम्हीच ऐका."

रिसिव्हरमधून आधी धुक्याची शांतता आली, दूरचा एक कुत्रा, आणि मग ते.

तीन. तीन. तीन. तीन.

उजवीकडचे तीन त्याने लगेच ओळखले. मधले तीन ओळखायला जरा वेळ लागला. माणसाला स्वतःचा आवाज दुसरीकडून ऐकायची सवय नसते. तिसरा ठोका हलका होता; करंगळी चेमटलेल्या हाताचा.

त्याने खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता.

इनेसनेही पाहिलं. तिने त्याच्या मोकळ्या हातावर आपला हात ठेवला आणि त्याचा तो हात इथेच, फोनजवळ होता, स्थिर, काहीही न करणारा.

एर्मेस ऐकत राहिला. डावी बाजू घाई करत होती. सत्तावन्नच्या त्या दिवसासारखीच. पलीकडचं उत्तर अर्ध्या श्वासाने मागे पडू लागलं होतं.

"हळू," तो फोनमध्ये पुटपुटला. "त्याला धाप लागते."

मधले तीन ठोके जरा सावकाश पडू लागले.